उकडीचे मोदक फुटू नयेत म्ह

मुंबईत टॅक्सीत बसून नुसतं 'बोरीबंदर' म्हटलं तरी माणूस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचतो. वास्तविक बोरीबंदरचं व्हिक्टोरिया टर्मिनस होऊन शंभरावर वर्षं झाली, १९९६ साली व्हीटीचं छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं आणि २०१७ साली त्यात 'महाराज' आले. म्हणजे एका पत्त्यावरून निघायचं, मधले दोन ओलांडायचे आणि चौथ्यावर उतरायचं. टॅक्सीवाला एवढ्या सगळ्यासाठी मानही वळवत नाही. मीटर टाकतो आणि निघतो. एल्फिन्स्टन रोडचं २०१८ साली प्रभादेवी झालं, तरी तिथे कचेरीला जाणारी माणसं अजून 'एल्फिन्स्टनला उतर' असंच सांगतात, आणि ऐकणारा बिनबोभाट प्रभादेवीला उतरतो. पुण्यात तर ज्या टॉकीजसमोर भेटायचं ठरतं ती टॉकीज पाडलेली असते. तरी दोघेही वेळेवर हजर. निदान एकजण.

संगणकाला ही अक्कल नाही. त्याला पाटी लागते, आणि पाटीवर नंबर लागतो. ३०१ नंबरची पाटी म्हणजे 'कायमचे स्थलांतर, नवा पत्ता अमुक'. ३०२ म्हणजे 'तात्पुरते हललो आहोत'. पाटीच नसली की ४०४, 'असं इथे काही नाही'. शिवाय ४१० नावाची एक पाटी आहे. तिचा अर्थ 'होतं, पण गेलं'. ती फारशी कोणी लावत नाही, कारण गेल्याचं असं चारचौघांत कबूल कोण करतो? गूगलचा जो यांत्रिक फिरस्ता जगातली पानं वाचत हिंडतो, तो अशा दहा पाट्यांपर्यंत मुकाट्याने पुढे पुढे जातो. बोरीबंदरहून महाराजांपर्यंत तो सहज पोचला असता. फक्त प्रत्येक वळणावर पाटी हवी. ती नसली तर तो कोणाला विचारत नाही, पानवाल्यापाशी थांबत नाही, परत फिरतो आणि आपल्या यादीतून तुमचं नाव खोडतो.

हे सगळं ज्ञान मला होण्याचं काही कारण नव्हतं. ते आमच्या वहिनींच्या चकलीमुळे झालं.

वहिनींनी पाककृतींची साइट काढली ती फोनला कंटाळून. दिवाळीच्या आधी डोंबिवलीच्या त्यांच्या घरात नणंदा, जावा, भाच्या, भाच्यांच्या मैत्रिणी आणि न्यू जर्सीतली एक मावसबहीण यांच्या फोनचा नुसता रतीब असे. एका हातात झारा, दुसऱ्या हातात फोन, आणि विषय एकच: चकली. न्यू जर्सीची मंडळी संध्याकाळी सोऱ्या हातात घेत, तेव्हा डोंबिवलीत पहाटेचे साडेचार वाजलेले असत. 'सगळं एकदा लिहून ठेवते, वाचा आणि मला झोपू द्या,' ही त्या साइटमागची मूळ प्रेरणा. वर मथळ्याखाली मात्र 'प्रेमाने वाढलेलं' असं लिहिलं होतं.

पहिल्याच पाककृतीत चार वाट्या भाजणीला 'पाव वाटी मोहन' लिहायचं, ते 'एक वाटी मोहन' असं लिहिलं गेलं. आता मोहन कमी पडलं तर चकली दातांना जुमानत नाही, आणि जास्त झालं तर कढईत सोडल्या सोडल्या तिचे वेढे सुटून तळाशी नुसता चुरा उरतो. त्या वर्षी ती कृती प्रमाण मानणाऱ्या घराघरांतून चकल्या विरघळल्या, आणि त्या सगळ्या घरांनी गूगलला विचारलं, 'चकली तेलात का विरघळते'. वहिनींनी वाटीचं माप दुरुस्त केलं आणि लगोलग 'चकली तेलात का विरघळते' या नावाचा दुसरा लेख लिहिला. तो त्या साइटवरचा सगळ्यांत लोकप्रिय लेख ठरला. प्रश्न घरचा, उत्तरही घरचं. असा धंदा मोठमोठ्या कंपन्यांनाही साधत नाही.

पुढे साइट वाढली. सर्च कन्सोल नावाचं गूगलचं एक खातं असतं; लोक काय विचारून तुमच्यापर्यंत आले हे त्यात दिसतं. दादा बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे रोज सकाळी खातं बघितल्याशिवाय त्यांचा चहा उतरत नसे. प्रश्न वाचून दाखवायचं कामही त्यांचंच. 'साबुदाणा खिचडी चिकट झाली आता काय करू.' 'भाजणी नसेल तर चकली.' 'पाहुणे आलेत गोड काय.' 'अनारसे का हसतात.' या शेवटच्या प्रश्नाला एक यंत्र स्वतः न हसता तुपात विरघळणाऱ्या अनारशांबद्दलचा वहिनींचा लेख शोधून देतं, हे मला मानवजातीने गाठलेलं बऱ्यापैकी मोठं शिखर वाटतं.

त्या खात्यात मागच्या सोळा महिन्यांचा आलेख दिसतो. वहिनींचा आलेख बघून बिनपंचांगाची तिथी सांगता आली असती. श्रावणात साबुदाणा वर, भाद्रपदात मोदकांचा सुळका, पितृपक्षात दरी, मग आश्विनात चढत चढत धनत्रयोदशीला कळस, आणि पाडव्यापासून सगळं सपाट, कारण तोवर लोकांचं खाऊन झालेलं असतं आणि आता त्यांना वजन कमी कसं करायचं हे विचारायचं असतं. तो विभाग वहिनींकडे नव्हता.

येणाऱ्या सगळ्यांना वहिनी 'माझे वाचक' म्हणत. मला त्याबद्दल पहिल्यापासून शंका होती. वाचक म्हणजे लेखिकेचं नाव लक्षात ठेवणारा माणूस. ही माणसं पिठाचे हात पदराला पुसून एका बोटाने प्रश्न टाकणारी. उत्तराची ओळ सापडली की ती पाठ फिरवून गॅसकडे. लेखाच्या सुरुवातीला वहिनी आजोळच्या वाड्याचं, तुळशीवृंदावनाचं आणि आजीच्या लोखंडी कढईचं सुरेख वर्णन करत. त्या वाड्यातून अंगठ्याने सरकन खाली 'साहित्य' या शब्दापाशी उतरणाऱ्यांचा वेग कोणी मोजला असता तर वहिनींनी लेखन सोडलं असतं. पण हे बोलायची सोय नव्हती, कारण हे मी त्यांच्याच चकल्या खात खात मनात म्हणत होतो.

मग पुतण्याला साइट स्लो वाटायला लागली.

आयटीतल्या मुलाला आईवर प्रेम दाखवायचं असलं की तो तिचा सर्व्हर बदलतो. जुन्या होस्टिंगचं नूतनीकरण आलं होतं, आणि या व्यवसायाची रीत अशी की पहिल्या वर्षी जागा जवळजवळ फुकट आणि दुसऱ्या वर्षी तीच जागा तिप्पट भावाने. नव्या कंपनीची जाहिरात घरातल्या टीव्हीवर लावून सर्वांना दाखवण्यात आली. सगळं 'अनलिमिटेड' होतं आणि त्या शब्दापाशी एक बारीक चांदणी होती. ९९.९ टक्के वेळ साइट चालू राहील अशी हमी होती. दादांनी तिथेच कागदावर गुणाकार केला: वर्षाचे तास ८७६०, त्यातला एक दशांश टक्का म्हणजे पावणेनऊ तास. 'हे पावणेनऊ तास कुठले, ते आपण ठरवायचे की त्यांनी?' असं त्यांनी विचारलं. पुतण्या म्हणाला, 'बाबा, असं नसतं.' पण नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्रीचे पावणेनऊ तास दादांच्या डोळ्यांपुढे तेव्हाच उभे राहिले असावेत.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यात आहे. नुसता सर्व्हर बदलला आणि पानांचे पत्ते तेच ठेवले, तर शोधयंत्राला फारसं काही वाटत नाही. फिरस्ता नव्या ठिकाणी जरा दबकत येतो, दारं-खिडक्या बघतो आणि पूर्ववत कामाला लागतो. पत्तेच बदलले तर मात्र प्रत्येक पानाला पाटी लावावी लागते. गूगलच्या मार्गदर्शनातही ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. पण मराठी घरात खर्चाचा मुद्दा निघाला की 'एकदाच काय ते करून टाका' हे वाक्य आल्याशिवाय राहत नाही. ते वहिनींनीच उच्चारलं. पुतण्याने एका रात्रीत सर्व्हर बदलला, साइटचं रूप बदललं आणि पानांचे पत्तेही बदलले. महिना भाद्रपद.

पहिले दोन दिवस तर कोण कुठे आहे हेच कळेना. पत्त्यांची जागतिक नोंद पसरायला २४ ते ४८ तास लागतात असं म्हणतात. त्या काळात वायफायवर वहिनींना जुनी साइट दिसत होती, मोबाइल डेटावर पुतण्याला नवी, आणि दादांना आधी नवी मग जुनी. तिघे एका सोफ्यावर बसले होते.

नवी साइट सर्वांना दिसायला लागली तेव्हा तिच्यात मराठी नव्हतं. प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह होतं. शीर्षक प्रश्नचिन्हांचं, साहित्य प्रश्नचिन्हांचं, कृती प्रश्नचिन्हांची. मधूनमधून इंग्रजी आकडे तेवढे तगून होते. याला कारण स्वीडन. ही सगळी पानं ज्या मायएसक्यूएल नावाच्या कोठारात ठेवतात ते जन्माने स्वीडिश, आणि वर्षानुवर्षं, आपण काही वेगळं सांगितलं नाही तर, ते मजकूर युरोपी लॅटिन लिपीचा धरून स्वीडिश वर्णक्रमाने लावायला घेत असे. २०१८ च्या आवृत्तीपासून त्यांनी मूळ गृहीतच बदललं आणि जगातल्या सगळ्या लिप्यांना आत घेतलं. पण जुन्या कोठारातून नव्यात माल हलवताना लिपीचं नाव चुकीचं पडलं की भाजणीची प्रश्नपत्रिका होते. दादांनी चष्मा लावून चकलीचं अख्खं पान वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, 'शंका रास्त आहेत.'

ते पुतण्याने रात्रीतून निस्तरलं. मुलगा हुशार आहे, त्यात वाद नाही.

आता पत्त्यांविषयी. साध्या इंग्रजी साइटवाल्यांना आपलं हे दुःख कळणार नाही. इंटरनेटचे पत्ते मुळात रोमन अक्षरांसाठी बेतलेले. त्यात देवनागरी घातली की आतल्या आत प्रत्येक अक्षराचं नऊ चिन्हांत रूपांतर होतं. 'च' म्हणजे टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का नऊ ए. मात्रा, वेलांटी, उकार, एवढंच काय हलन्तसुद्धा वेगळं अक्षर. त्याचे आणखी नऊ. 'चकली' या साडेतीन घासांच्या शब्दाची छत्तीस चिन्हं होतात. वहिनींनी मोदकांचा दुवा व्हॉट्सॲपच्या कुटुंब गटावर टाकला की टक्क्यांची ती रांग चार-पाच ओळी चालायची आणि लगेच आत्यांचं उत्तर यायचं, 'वहिनी, तुझा फोन हॅक झालाय, कोणी उघडू नका.'

त्यात, वहिनींची साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसचा नियम. तिथे पानाच्या पत्त्याला, म्हणजे स्लगला, २०० चिन्हांची मर्यादा आहे. इंग्रजी माणूस २०० चिन्हांत ऐसपैस राहतो. मराठी माणसाला नऊने भागून फार तर बावीस अक्षरं मिळतात, मात्रा-वेलांट्या धरून. तेविसावं अक्षर सरळ कापलं जातं. वहिनींचा गाजलेला लेख होता 'उकडीचे मोदक फुटू नयेत म्हणून काय करावे'. त्याचा पत्ता झाला 'उकडीचे-मोदक-फुटू-नयेत-म्ह'. पुढचा 'णून' हद्दीबाहेर. ज्यांनी त्याआधी ब्लॉगस्पॉटवर मराठीत लिहिलं त्यांना मात्र हीसुद्धा चैन वाटेल. तिथे मराठी शीर्षक यंत्राला उमजायचं नाही, आणि पुरणपोळी असो की पानिपत, पत्ता आपला 'ब्लॉग-पोस्ट', पुढचा 'ब्लॉग-पोस्ट' आणि एक आकडा.

असं असूनही तो 'म्ह' लोकांना सापडत होता. दर गणपतीला सापडत होता. गूगलने तो जसाच्या तसा आपल्या वहीत उतरवून घेतला होता, दुसऱ्या कोणी कोणी त्याच्याकडे बोट दाखवून ठेवलं होतं, आणि अशा बोटांवरच तर पानाची पत ठरते. पुतण्याच्या सौंदर्यदृष्टीला तो सहन झाला नाही. त्याने सगळे पत्ते छोटे, सुटसुटीत आणि रोमन केले. मोदक रेसिपी. चकली रेसिपी. देखणं काम. मग जुन्या सगळ्या पत्त्यांना त्याने एकच पाटी लावली: चला, मुखपृष्ठावर या.

म्हणजे कोणी टॅक्सीत बसून बोरीबंदर म्हणावं आणि टॅक्सीवाल्याने मुलुंडच्या चेकनाक्यावर उतरवून 'ही मुंबई' म्हणून सांगावं. चूक काहीच नाही. गूगलच्या हिशेबात मात्र अशा सरसकट पाट्यांची किंमत शून्य. पान हरवलंय आणि तुम्ही ते लपवताय असं ते धरून चालतं.

आलेख ज्या दिवशी पडला त्या दिवशी कोणी घाबरलं नाही, कारण तो पितृपक्षाचा पहिला दिवस होता. दर वर्षी पडतो, याही वर्षी पडला. दादांचा सिद्धान्त असा की सर्वपित्री अमावास्येनंतर आपोआप वर येईल. घटस्थापना झाली, आलेख जागचा हलला नाही. मग सिद्धान्तांची घटस्थापना झाली. वहिनींचं म्हणणं, साइटचा नवा जांभळा रंग लोकांना आवडला नसावा. शेजारच्या जोशीकाकूंच्या मते हल्ली लोक चकली विकत आणतात. पुतण्या म्हणाला, 'गूगलचं अपडेट आलं असणार.' या वाक्याला तोड नाही. गूगल आपल्या गणितात वर्षभर काही ना काही बदल करतच असतं, त्यामुळे कधीही पडलं तरी जवळपास एखादं अपडेट सापडतंच. मी म्हणालो, आता प्रश्न विचारला की उत्तर तिथेच वर मांडून देतात, पुढे पानापर्यंत जायची गरजच कोणाला उरते? माझ्या या विधानाकडे वहिनींनी ज्या नजरेने पाहिलं तिच्यात पुढच्या फराळाच्या डब्याचं भवितव्य मला दिसलं. मी पुढे सिद्धान्त मांडला नाही.

बाहेरची मदतही धावून आली. साइट पडल्याचा वास कुठून लागतो कोण जाणे, पण 'आदरणीय महोदय, आम्ही आपणास गूगलच्या पहिल्या पानावर आणू, हमीपूर्वक' अशी पत्रं वहिनींना यायला लागली. वास्तविक पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलने लिहून ठेवलं आहे. यूट्यूबवरचे तज्ज्ञ 'नमस्कार मित्रांनो' म्हणून सुरुवात करत आणि धीर धरा म्हणून संपवत. मधली वीस मिनिटं ते आपल्या चॅनेलची घंटी वाजवायला सांगत. या शास्त्रात खऱ्या जाणकारांची एक खूण मला कळली आहे. कुठलाही प्रश्न विचारा, ते आधी 'अवलंबून आहे' म्हणतात. कशावर ते विचारलं की पुन्हा तेच.

या सगळ्यात सर्च कन्सोलमधला अहवाल उघडून बघावा हे कोणाला सुचलं नव्हतं. दादांना आलेख बघायची सवय, त्याच्या डावीकडच्या यादीची नाही. ती उघडली तर तिथे कारणं व्यवस्थित लिहून ठेवलेली. काही पानांसमोर होतं: 'पाहिलं आहे, सध्या यादीत घेतलेलं नाही.' वहिनींनी ते दोनदा वाचलं. 'म्हणजे बघून गेले आणि नाही म्हणाले?'

'तसं नाही आई, नंतर घेतील.'

'कळवतो म्हणाले असतील.'

आणि उरलेल्या बहुतेक पानांसमोर लिहिलं होतं की ही तुमच्याच सांगण्यावरून वगळली आहेत.

वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये, 'रीडिंग' या निरुपद्रवी नावाखाली, एक चौकोन आहे. त्यावर टिक केली की शोधयंत्रांना सांगितलं जातं, कृपया आमची नोंद घेऊ नका. साइट अर्धवट असताना, प्रश्नचिन्हं वगैरे असताना, ती जगाला दिसू नये म्हणून शहाणी माणसं ही टिक करतात आणि उद्घाटनाच्या दिवशी काढतात. काढायचं राहिलं की काय होतं, याच्या कहाण्या जगभर या धंद्यात सांगितल्या जातात. त्या चौकोनाखाली बारीक अक्षरांत एक ओळ आहे: ही विनंती मानायची की नाही हे शोधयंत्रांवर अवलंबून. वहिनींना ती ओळ फार लागली. 'आमचं पान दाखवा म्हणून विनवण्या केल्या त्या नाही ऐकल्या. नको म्हटलेलं बरं लगेच ऐकलं!'

टिक कोणी केली याचा घरात जो तपास झाला त्यातून काही निष्पन्न झालं नाही. पुतण्याच्या मते ती 'होती'. दादांच्या मते अशा गोष्टी आपोआप होत नाहीत, बँकेत तर नाहीच. मग पुतण्याने सर्वांचं लक्ष दुसरीकडे वेधायला रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची फाइल उघडून दाखवली. १९९४ साली मार्टाइन कोस्टर नावाच्या गृहस्थांनी ही प्रथा सुचवली: फिरत्या यंत्रांनी आधी दारावरची ही चिठ्ठी वाचावी, मग आत यावं. या सभ्यतेवर सगळं इंटरनेट तब्बल २८ वर्षं चाललं आणि २०२२ मध्ये तिचं रीतसर मानक झालं. तिच्यात 'मनाई' या शब्दापुढे काही न लिहिता सोडलं तर सर्वांना सर्वत्र प्रवेश, आणि नुसती एक तिरकी रेघ ओढली तर कोणालाच कुठेच नाही. वहिनींच्या चिठ्ठीत ती रेघ नव्हती. घरातलं एक तरी दार उघडं होतं म्हणून सर्वांना बरं वाटलं.

मग पाट्या लावायचा कार्यक्रम झाला. हा भाग मी प्रत्यक्ष पाहिला आणि तो माझ्या आठवणीतून जाणार नाही. जुना प्रत्येक पत्ता, त्यासमोर नवा, अशी यादी करायची होती. यंत्राने जमलं असतं, पण दादांचा यंत्रावरचा विश्वास एव्हाना उडाला होता. त्यांनी जुन्या पत्त्यांचा छापील कागद घेतला, पट्टी ठेवली आणि ताळेबंद मिळवावा तसं वाचायला सुरुवात केली.

'साबुदाणा खिचडी चिकट होऊ नये.'

'हं. झालं.'

'उकडीचे मोदक फुटू नयेत म्ह.'

'म्ह?'

'म्ह.'

'पुढे काय?'

'पुढे काही नाही. म्ह एवढंच आहे.'

'अहो, म्हणून असेल ते,' वहिनी आतून म्हणाल्या.

'असेल. पण नोंद म्ह अशी आहे. नोंदीप्रमाणे घ्या.'

पुतण्याने म्ह घेतला. रात्रभर असे तोडलेले पत्ते एकेक करून वाचले गेले. अनारशांच्या पानापाशी मला हसू आलं, तर दादांनी पट्टीवरून बोट न हलवता माझ्याकडे पाहिलं. बँकेने एक चांगला माणूस गमावला असं मला तेव्हा वाटलं.

या पाट्या निदान एक वर्ष ठेवा, जमलं तर कायमच ठेवा, असं गूगलचं सांगणं आहे. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी तर १९९८ सालीच एक टिपण लिहून बजावलं होतं की चांगला पत्ता बदलत नसतो. बदलायची वेळ येते ती त्याच्या मालकाने आधी विचार न केल्यामुळे. पुतण्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, 'काका, त्यांना मराठीत स्लग करावे लागले नव्हते.' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

टिक निघाली, पाट्या लागल्या, आलेखाने थोडं डोकं वर काढलं. पण मध्ये गेलेल्या काळात बाजारात दुसऱ्यांनी जागा धरली होती. 'चकली तेलात का विरघळते' विचारलं की आता एक भलतीच साइट पहिली यायची. वहिनींनी उघडली तर आत त्यांचाच लेख. त्यांचा वाडा, त्यांचं तुळशीवृंदावन, त्यांच्या आजीची कढई. फक्त आजी दुसऱ्या कोणाची तरी झाली होती. वहिनींचा 'खुसखुषीत' या शब्दातला षटकोनातला ष सुद्धा तसाच. त्या माणसाने माल फार पूर्वी उचलला असणार, कारण त्याच्या चकलीच्या कृतीत चार वाट्या भाजणीला अजून 'एक वाटी मोहन' होतं. म्हणजे त्याचंही दुकान आता वहिनींसारखंच स्वयंपूर्ण झालं होतं: एका पानावर चकली विरघळायची, दुसऱ्या पानावर का विरघळली ते सांगायचं, आणि दोन्हीकडे मधे जाहिरात.

आणि वसुबारसेपासून वहिनींचा फोन वाजायला लागला. पहिली नणंद, मग भाची, मग भाचीची मैत्रीण. सगळ्यांची तक्रार एकच, 'वहिनी, तुमचं ते पान सापडतच नाहीये.' इतकी वर्षं मुकाट्याने गूगलला विचारणारं सगळं गणगोत मूळ पत्त्यावर परत आलं. पहाटे साडेचारला न्यू जर्सी. दादा उशीखाली डोकं घालून म्हणाले, 'तुझे वाचक.'

धनत्रयोदशीच्या दुपारी मी डबा न्यायला गेलो तेव्हा वहिनी अशाच एका फोनवर होत्या. पलीकडे कोण होतं ते त्यांनाही नीट कळलेलं नव्हतं. कोणाच्या तरी जावेकडून नंबर मिळालेली नाशिकची कोणी बाई होती, आणि तिच्या कढईत चकली विरघळत होती. वहिनींनी तिला धीर दिला, उरलेल्या पिठात कोरडी भाजणी मिसळून घ्यायला सांगितली, आच मध्यम ठेवायला सांगितली. बाई म्हणाली, 'तुमचं हे कुठे लिहिलेलं आहे का?'

वहिनींचा चेहरा उजळला. त्यांनी झारा ठेवला आणि नवा पत्ता सांगायला घेतला. 'सगळं एकत्र लिहायचं. मध्ये जागा सोडायची नाही. सी, एच... नाही हो, सीताफळाचा सी. मग के. के दोनदा नाही, एकदाच. मग डॅश. आडवी रेघ हो, आडवी.'

'थांबा, मी शोधतेच,' पलीकडून आवाज आला. पुतण्या, दादा आणि मी, तिघेही आपापल्या जागी थांबलो. 'हां, आलं बघा पहिलंच. तुळशीवृंदावन आहे ना? आजीची लोखंडी कढई?'

वहिनींनी पुतण्याकडे पाहिलं. पुतण्याने फोनमध्ये डोकं घातलं.

'हो,' वहिनी म्हणाल्या, 'तेच ते. आता खाली या. साहित्य. मोहन एक वाटी लिहिलंय ना? ते पाव करा.'